कोल्हापूरचे राजवाडे : आधी जुना, मग नवा

सकाळी न्यू पॅलेस, दुपारी तांबडा-पांढरा, संध्याकाळी अंबाबाई आणि जमलंच तर रंकाळा. कोल्हापूरला येणाऱ्यांचा बेत साधारण असाच असतो. देवळात जाताना सगळे भवानी मंडपातून जातात, पण आपण जुन्या राजवाड्यातून चाललोय हे चपला ठेवायच्या गडबडीत बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. राजवाडे नीट बघायचे असतील तर हा क्रम उलटा करा. जुना राजवाडा आधी, न्यू पॅलेस नंतर. नवा आधी पाहिला की जुना नुसता पडका-झडका वाटतो. जुना आधी पाहिला की नव्यात काय बदललं ते आपोआप दिसायला लागतं.

भवानी मंडपात सकाळी आठच्या आत पोचा. मंगळवार, शुक्रवार आणि नवरात्र टाळा, नाहीतर गर्दीच्या रेट्यात मान वर करायलाही जागा मिळत नाही. नगारखान्याच्या कमानीखाली थांबून आधी वर बघा, मग आत जा. हा राजवाडा आत तोंड करून बसलेला आहे. बाहेरून दिसतो तो दरवाजा आणि भिंत. खरं जगणं चौकात, आणि त्या चौकाची मालकीण तुळजाभवानी. कोल्हापूरच्या गादीची राजधानी १७८२ मध्ये पन्हाळ्यावरून इथं आली, त्या काळातला राजवाडा असाच असायचा. पेंढा भरलेले प्राणी बघायला लोक थांबतात. तेवढाच वेळ भिंतींना द्या.

भिंत बघायची म्हणजे सांधे बघायचे. घडीव काळ्या दगडांमधला चुन्याचा सांधा बारीक असतो आणि रंगाला पिवळसर-पांढरा. राखाडी, जाड, बाहेर आलेला सांधा दिसला की ती अलीकडची सिमेंटची डागडुजी समजा. चुना श्वास घेतो, म्हणजे भिंतीत शिरलेलं पावसाचं पाणी सांध्यातून हळूहळू बाहेर पडतं. सिमेंट ती वाट बंद करतं. मग ओल आत कोंडते, क्षार पांढरे होऊन वर येतात, गिलावा फुगून पडतो आणि आतला जुना चुना भुसभुशीत होतो. दगड जागेवर तसाच राहतो, खचते ती भिंत. कोल्हापूरच्या पावसात हा फरक फार लवकर दिसतो, म्हणून जुन्या वास्तूची डागडुजी चुन्यातच झाली पाहिजे.

पुढचा मुक्काम टाऊन हॉल. १८७२ ते १८७६ या काळात बांधलेली ही इमारत उंच टोकदार कमानींची, म्हणजे गॉथिक वळणाची. वास्तुकार चार्ल्स मँट. आत संग्रहालय आहे आणि ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ साली झालेल्या उत्खननातल्या वस्तू तिथं मांडल्या आहेत. हातभर उंचीचीही नसलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती चुकवू नका. दोन हजार वर्षांपूर्वी पंचगंगेकाठचा व्यापार रोमन जगाशी जोडलेला होता, हे तिच्यामुळे डोळ्यांना दिसतं. सरकारी संग्रहालय असल्याने सोमवारी बंद असतं.

मँटचं नाव लक्षात ठेवा. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज युरोपचा प्रवास करून परतताना १८७० साली फ्लॉरेन्समध्ये वारले. तिथल्या कॅशिने बागेत त्यांच्या स्मारकाची छत्री उभी आहे, तीही मँटचीच. बडोद्याच्या लक्ष्मीविलास पॅलेसचा आराखडाही त्याचाच. न्यू पॅलेसचं काम १८७७ ला सुरू झालं, मँट १८८१ मध्ये वारला आणि राजवाडा १८८४ मध्ये पुरा झाला. त्याच वर्षी १७ मार्चला कागलच्या घाटगे घराण्यातला नऊ वर्षांचा यशवंतराव दत्तक येऊन शाहू छत्रपती झाला.

आता न्यू पॅलेससमोर उभे राहिलात की जुन्याशी ताडून बघा. इथं चौक गाठण्याआधीच सगळं दिसतं. मधोमध अष्टकोनी मनोरा आणि त्यावर घड्याळ, बाजूला छत्र्या, घुमट, जैन आणि हिंदू मंदिरांची वळणं. हा वाडा बाहेर बघणारा आहे, कारण तो दाखवायला बांधलेला आहे. राज्य अल्पवयीन राजाच्या नावानं आणि इंग्रजांच्या देखरेखीखाली चालत होतं, त्या काळाची ही वास्तू आहे.

आत तळमजल्यावर संग्रहालय आहे, वर राजघराण्याचं राहतं घर. फोटोला आत बंदी असते, त्यामुळे डोळ्यांनीच बघायची तयारी ठेवा. शस्त्रांच्या दालनात गर्दी होते. तिथं अडकून दरबार हॉलला दहा मिनिटं उरतात, ही नेहमीची चूक. उलट करा: आधी दरबार हॉल. तिथल्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग आहेत आणि बाहेर ऊन असेल तरच त्या काचा उजळतात. ढगाळ दुपारी त्या मुक्या वाटतात. म्हणून पावसाळ्यात आलात तर उघडीप बघून जा. दुपारी मध्ये बंद असण्याची वेळ असते, ती आदल्या दिवशी विचारून घ्या.

बाहेरून फोटो काढताना काळा दगड मोबाईलला फसवतो. तो अंधार समजून फोटो उजळवतो आणि आकाश पांढरंफटक होतं. पडद्यावर मनोऱ्याला बोट लावून उजेड जरा खाली ओढा. सज्जाखालच्या कोरीव आधारांसाठी छोटी दुर्बीण फार उपयोगी पडते.

कसबा बावड्यातलं शाहू जन्मस्थळ, म्हणजे इथला लक्ष्मीविलास पॅलेस (बडोद्याचा नव्हे), जवळच आहे. शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी तिथं झाला.

रंकाळ्याकाठचा शालिनी पॅलेस १९३१ ते १९३४ मधला. तो बाहेरूनच बघायचा. तळ्याच्या पश्चिमेला असल्यामुळे सूर्य त्याच्यामागे मावळतो, आणि संध्याकाळी पूर्वेच्या काठावरून नुसती काळी आकृती हाती लागते. दर्शनी बाजू उजळलेली हवी असेल तर सकाळी जा.

पन्हाळ्याला वेगळा दिवस द्या. अंतर २० किलोमीटर आहे. शाहू महाराजांनी या परिसरात चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोग केले होते. ताराराणींच्या वाड्यात आता शाळा भरते, तेव्हा आवारात शिरण्याआधी विचारा. पण राज्य कशावर चालायचं ते कळतं अंबारखान्यात. गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन कोठारं. त्यातली गंगा कोठी सर्वांत मोठी, साधारण ३५ फूट उंच, २५ हजार खंडी (खंडी हे धान्याचं जुनं माप) धान्य मावेल एवढी. बाहेरच्या पायऱ्यांवरून माथ्यावर चढता येतं, फक्त श्रावणात त्यांवर शेवाळ धरतं, तेव्हा चढू नका. आत काळोख असतो. विजेरी घेऊन जा आणि छतातली भोकं शोधा. माथ्यावरून धान्य ओतलं जायचं ते त्यांतून.