इरिंजालकुड्याला ऐकलेलं ‘महाराओ’

ठाण्याला नेत्रावती एक्स्प्रेसमध्ये चढले आणि दुसऱ्या दिवशी त्रिचूरला उतरले. मधला कोकण, गोवा, कर्नाटकाचा किनारा खिडकीबाहेरून गेला. मी मांडीवर प्राचीन संस्कृत नाटककार भासाचं ‘अभिषेकनाटक’ उघडून बसले होते. सहा अंकांचं छोटंसं नाटक, पण त्याचा पहिलाच अंक मी चार वेळा वाचला, कारण रात्री दिव्यापुढे तोच अंक बघायचा होता. त्रिचूरहून बसने वीसेक किलोमीटर गेलं की इरिंजालकुडा येतं.

गेली एकोणीस वर्षं मी अकरावी-बारावीला संस्कृत शिकवते. शाकुंतलाचा चौथा अंक मला पाठ आहे. पण संस्कृत नाटक त्याच्या स्वतःच्या रीतीने केलेलं मी कधीच बघितलं नव्हतं. स्पर्धांमधले प्रयोग पाहिले होते. सगळे माइकच्या दिशेला तोंड करून एका सुरात श्लोक म्हणतात, टाळ्या पडतात, परीक्षक व्याकरणाचे गुण देतात. ते बघून मन भरत नव्हतं. केरळात संस्कृत नाटक करण्याची कूडियाट्टम ही परंपरा आहे, हे पुस्तकातून माहीत होतं. चाक्यार नट, नंग्यार नटी आणि मिळावू वाजवणारे नंब्यार अशा मोजक्या घराण्यांनी मंदिराच्या आवारातल्या कूत्तंबलमात, म्हणजे देवळाच्या नाट्यगृहात, ते शतकानुशतकं सांभाळलं. विसाव्या शतकाच्या मध्यावर ते देवळाबाहेर आलं, 1965 पासून केरळ कलामंडलम या कलाशाळेत शिकवलं जाऊ लागलं आणि 2001 मध्ये युनेस्कोने त्याची दखल घेतली. एवढं सगळं परीक्षेत लिहिता येईल इतकं ठाऊक होतं. बघायला मात्र पन्नाशी उजाडावी लागली.

उतरले होते एका घरगुती ठिकाणी. घरमालकीण चेची साठीची. तिला हिंदी येत नव्हतं, मला मल्याळम येत नव्हतं. पण तिने पहिल्याच संध्याकाळी “मोळे” म्हणून हाक मारली आणि पेज-मुगाची उसळ पुढ्यात ठेवली. लेकीला हाक मारतात तशी ती हाक आहे, हे मला नंतर कळलं. केरळातल्या मोठ्या हॉटेलांत मी पूर्वी राहिले आहे, तिथलं आदरातिथ्य मला फार सराईत वाटतं. चेचीच्या पेजेला ती सराईत चव नव्हती.

सकाळी कूडलमाणिक्यम देवळात गेले. हे मंदिर रामाचा भाऊ भरत याचं आहे. नाट्यशास्त्राचा भरतमुनी वेगळा, तरी भरताच्या अंगणात नाट्यगृह उभं आहे या गोष्टीचा आनंद मला लपवता आला नाही. दुपारच्या उन्हात कूत्तंबलम रिकामं होतं. उतरतं भलंमोठं छप्पर, आत चौथऱ्यावर रंगपीठ आणि विलक्षण गारवा. नाट्यगृह डोंगरातल्या गुहेसारखं असावं, म्हणजे आवाज घुमतो, असं नाट्यशास्त्र सांगतं. मी हलकेच खाकरले आणि तो आवाज छपराखाली कसा फिरतो ते ऐकलं.

प्रयोग मात्र देवळात नव्हता, अम्मन्नूर घराण्याच्या नावाने चालणाऱ्या गुरुकुलाच्या नाट्यगृहात होता. पहिल्या रात्री सुग्रीवाचं निर्वहण. निर्वहण म्हणजे एकच नट, आणि नाटक जिथे सुरू होतं त्याच्या आधीची कथा. शब्द नाही. हात, डोळे आणि मागे दोन मिळावू. मिळावू म्हणजे तोंडाला कातडं बांधलेला तांब्याचा मोठा हंडा, लाकडी घोडीत बसवलेला. त्याला ब्रह्मचारी मानतात, त्याची मुंज करतात, आणि जुना होऊन फुटला की माणसासारखे अंत्यसंस्कार करतात. पुढे पितळेची समई. दोन वाती नटाकडे, एक आपल्याकडे. तो नट डोळ्यांनीच गुहा दाखवतो, गुहेतून वाहणारं रक्त दाखवतो, आणि त्याच जागी बसल्या बसल्या कधी वाली होतो, कधी सुग्रीव. या पालटण्याला पकर्न्नाट्टम म्हणतात. दोन तास कसे गेले ते कळलं नाही. फक्त पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी सगळा वेळ मोबाईल उंच धरून चित्रीकरण केलं. तिथे तीन वातींच्या उजेडात माणसाची बुबुळं बोलत होती आणि इथे हा पांढरा चौकोन मधे. मला त्याचा अजून राग आहे.

दुसरा दिवस अतिरप्पिळ्ळीच्या धबधब्यावर गेला. गर्दी होती.

दुसऱ्या रात्री बालिवधम्, म्हणजे ‘अभिषेकनाटका’चा तो पहिला अंक. आपल्याकडे बळी म्हटलं की पाडव्याचा बळीराजा आठवतो. हा तो नव्हे. हा वानरराज वाली. दोन माणसांनी धरलेला पडदा बाजूला झाला. सुग्रीव बाहेर गर्जना करतोय, वाली युद्धाला निघालाय, आणि त्याची बायको तारा त्याला अडवते. नंग्यार बाई पुढे आल्या. वय असेल तिशीचं. हात जोडले आणि त्या ठरावीक हेलात, एकेक अक्षर ताणत, शब्द आले: “पसीअउ पसीअउ महाराओ.”

मी खुर्चीत सरळ झाले.

हे वाक्य मी गाडीत चार वेळा ‘वाचलं’ होतं. खरं सांगायचं तर वाचलं नव्हतं. छापील संस्कृत नाटकात स्त्रियांची वाक्यं प्राकृतात असतात आणि त्याखाली कंसात त्यांची संस्कृत ‘छाया’ असते: प्रसीदतु प्रसीदतु महाराजः, प्रसन्न व्हावं महाराजांनी. माझ्या गुरुजींनी मला शिकवलं, मी माझ्या मुलांना शिकवलं: प्राकृतावरून नजर पुढे न्या, छाया वाचा. परीक्षेत छायाच येते. एकोणीस वर्षं मी शकुंतलेला, अनसूयेला, प्रियंवदेला त्यांच्या भाषेत बोलूच दिलं नाही. कंसातली त्यांची सावली तेवढी वर्गात आणली.

आणि इथे ‘महाराओ’. कान दिला तर ते अनोळखी नाही. राजाचा ‘राआ’, त्याचा ‘राओ’, आणि आपला ‘राव’. पाटीलराव, माधवराव, “काय राव!” म्हणताना आपण जो शब्द वापरतो तोच हा, केरळातल्या एका नटीच्या तोंडून, मल्याळी हेलात. तारा आपल्या नवऱ्याला ‘मरायला जाऊ नका, राव’ म्हणत होती.

पुढची दहा मिनिटं माझं रंगपीठाकडे लक्ष नव्हतं. तिसऱ्या अंकात शकुंतला कमळाच्या पानावर नखाने जे पत्र लिहिते त्याची सुरुवात आहे “तुज्झ ण आणे हिअअं”. मी दरवर्षी त्याची छाया सांगत आले. तुज्झ म्हणजे तुझं. ण आणे म्हणजे ज्ञानोबांच्या ओव्यांत पावलोपावली भेटणारं ‘नेणे’. तुझं काळीज मी नेणे. संस्कृत नाटकात बाया गद्य बोलतात ते शौरसेनीत, पण गातात, पद्य म्हणतात ते महाराष्ट्रीत. गोदावरीकाठच्या आमच्या भाषेची ही पणजी कालिदासाच्या नायिकेच्या ओठावर बसली आहे, आणि मी तिला गाळून शिकवत होते.

संस्कृत नाटक कुठून आलं यावर शंभर-दीडशे वर्षं विद्वानांची भांडणं चालली आहेत. ब्रह्मदेवाने ऋग्वेदातून पाठ्य, सामवेदातून गीत, यजुर्वेदातून अभिनय आणि अथर्ववेदातून रस घेऊन पाचवा वेद केला, ही नाट्यशास्त्रातली कथा. कुणी पुरूरवा-उर्वशी, यम-यमी या ऋग्वेदातल्या संवादसूक्तांत बीज शोधलं. कुणी पडद्याला असलेला ‘यवनिका’ हा शब्द धरून ग्रीकांकडे, म्हणजे यवनांकडे, बोट दाखवलं. पाणिनी शिलाली आणि कृशाश्व यांच्या नटसूत्रांचा उल्लेख करतो. पतंजली कंसवधाचे खेळ सांगतो, त्यात काहींची तोंडं काळी, काहींची लाल. मी हे सगळं मुलांना क्रमाने लिहून देते. पण त्या रात्री मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटली. हाती लागलेले सर्वांत जुने अवशेष म्हणजे मध्य आशियात सापडलेले ताडपत्रांचे तुकडे, जर्मन पंडित ल्यूडर्स यांनी 1911 मध्ये प्रसिद्ध केलेले. त्यांत अश्वघोषाचं ‘शारिपुत्रप्रकरण’ आहे. कुषाणकाळातलं बौद्ध नाटक, आणि त्यातही विदूषक आहे, प्राकृत बोलणारी पात्रं आहेत. म्हणजे आपल्याला दिसतं तेव्हापासून हे नाटक एका भाषेचं नाहीच. राजा संस्कृतात, राणी प्राकृतात, शाकुंतलातला कोळी मागधीत. एका गावात असतात तितक्या बोली एका रंगमंचावर. पुढे राजशेखराने तर ‘कर्पूरमंजरी’ आख्खी प्राकृतात लिहिली. याला आपण नुसतं ‘संस्कृत’ नाटक म्हणतो हीच मुळात चूक आहे, असं माझं आता ठाम मत झालंय.

आपल्याकडे अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये पुण्यात शाकुंतल मराठीत आणलं. संगीत नाटकाची गंगोत्रीच ती. पण तिथे दुष्यंतही मराठी, शकुंतलाही मराठी, त्यामुळे दोघांच्या भाषांमधलं अंतर आपल्या कानांवरून गेलंच. ते अंतर जिवंत ऐकायला मला नेत्रावती पकडावी लागली.

आणि हे नाटक तरी आपल्या हातात कसं आलं? कालिदास ‘मालविकाग्निमित्रा’च्या प्रस्तावनेत भास, सौमिल्लक, कविपुत्र यांची नावं आदराने घेतो. भासाचं नाव होतं, नाटकं नव्हती. 1909 च्या सुमारास त्रिवेंद्रमच्या गणपतिशास्त्रींना तेव्हाच्या दक्षिण त्रावणकोरातल्या एका मठात ताडपत्रांची पोथी मिळाली, आणि 1912 पासून तेरा नाटकं एकामागून एक छापली गेली. सगळी भासाचीच का, यावर वाद आहे. पण जगभरचे पंडित ज्या नाटकांना हरवलेली समजत होते, त्यांतल्या काहींचे अंक चाक्यार आपल्या देवळांत करतच होते. नटांच्या घरात आट्टप्रकारम् म्हणून अभिनयाच्या पोथ्या असतात. कोणत्या शब्दाला कोणता हात, कुठे किती थांबायचं, सगळं त्यात. कवी छापखान्याने परत मिळवला, नाटक मात्र या घरांनीच राखलं होतं.

शेवटी वाली पडतो. नाट्यशास्त्र सांगतं की अंकात मरण प्रत्यक्ष दाखवू नये. भास दाखवतो. पुस्तकात हे मरण चार-पाच ओळींचं आहे: प्राण सोडून जातायत, गंगेसारख्या महानद्या आल्या, उर्वशी आणि अप्सरा आल्या, हजार हंस जोडलेलं विमान न्यायला आलं. मग कंसात ‘स्वर्यातः’, स्वर्गाला गेला. वर्गात मला याला दोन मिनिटं लागतील. इथे अर्धा तास लागला. मिळावू थांबले होते. नटाने श्वास आत घेतला तो छातीत, मग तो गळ्याशी आला, मग फक्त नाकपुडीत. बुबुळं वर गेली आणि तिथे त्याला काहीतरी दिसलं. नद्या, अप्सरा, विमान, सगळं त्या दोन बुबुळांत उतरलं, आणि प्रत्येक वेळी परत येताना नजर थोडी अधिक विझलेली. समईची एक वात फडफडली तेव्हा कुणीतरी उठून तेल घातलं. माझ्या शेजारची शाळकरी मुलगी आपला श्वास धरून बसली होती. मोबाईलवाले गृहस्थही आज हात खाली घेऊन बसले होते.

तारा त्या वेळी तिथे नसते. मरताना बायकांनी मला पाहू नये, असं वाली सांगतो. म्हणजे तिला नाटकात मिळतं ते एवढंच, ते सुरुवातीचं आर्जव.

प्रयोग संपल्यावर धीर करून मागे गेले. तारा झालेली नटी खोबरेल तेलाने चेहऱ्यावरचा रंग पुसत होती. मोडक्या इंग्रजीत आणि थोड्या संस्कृतात मी तिला सांगितलं, की तुमचा ‘राओ’ आमच्या घरात अजून ‘राव’ म्हणून नांदतो. तिने हात थांबवला आणि म्हणून पाहिलं, “राव.” मग हसून म्हणाली, तुम्ही म्हणा आता, पूर्ण वाक्य.

मला येईना. शब्द पाठ होते, पण मी ते मोठ्याने कधी म्हटलेच नव्हते. मी म्हटलं तसं तिने मान हलवली, ‘पसीअउ’मधला शेवटचा उकार कुठे टेकवायचा ते हाताने दाखवलं, आणि स्वतः म्हणून दाखवलं. मी पुन्हा म्हटलं. तिने पुन्हा मान हलवली. बाहेर मिळावूंवर कापड टाकत होते.

तिसऱ्यांदा म्हटल्यावर ती म्हणाली, “शरि.” बरोबर.