हिस्टरीत नाव नसलेला मुलगा

मी सोलापुरातल्या एका कॉलेजात दुसऱ्या वर्षाचे ऑनलाइन तास घेते. सोलापुरी चादरीच्या भौगोलिक मानांकनावर पाच जणांच्या गटाचा प्रकल्प होता. सादरीकरणाच्या दिवशी चौघं भर तासात म्हणाली, "मॅडम, याचं नाव काढा. मीटिंगला येतो, पण तोंड उघडत नाही." पुरावा म्हणून त्यांनी गूगल डॉकची व्हर्जन हिस्टरी, म्हणजे कोणी कधी काय बदललं याची नोंद, दाखवली. त्यात त्याची एकही ओळ नव्हती.

हिस्टरीत नावाइतकीच वेळही बघावी लागते. टाइप केलेला मजकूर थोडा थोडा वाढत जातो. इथे गटप्रमुख मुलीच्या नावावर तीन पानं एकाच क्षणी उमटली होती, म्हणजे पेस्ट केलेली. डॉक पेस्ट करणाऱ्याचंच नाव लावतं. मूळ कोणी लिहिलं, हे त्याला कळायचा मार्गच नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मागे मागे नेला, तेव्हा तीच पानं सापडली. त्याच मुलाने रात्री उशिरा पाठवलेली, 'ओके' आणि अंगठ्यांखाली गाडली गेलेली.

त्याचं घर अशोक चौकाजवळ, खालीच यंत्रमाग. माइक उघडला की खडखडाट सगळ्यांच्या कानात. आवाज गाळायची सोय लावली तर त्याचेही शब्द तुटायचे. इतरांना त्रास नको म्हणून तो माइक बंद ठेवायचा. पण ते त्याने सांगितलं नव्हतं, आणि चौघांपैकी कोणी एकट्याला मेसेज करून विचारलंही नव्हतं. मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच.

त्याच तासात कामाची पद्धत बदलली. बोलता येत नसेल तर सुरुवातीलाच चॅटमध्ये लिहायचं, 'माग चालू आहे, इथे लिहितो.' मीटिंग चालवणाऱ्याने दर दहा मिनिटांनी चॅट मोठ्याने वाचायचं. हे राहिलं तर लिहिण्याचा काही उपयोग नाही. ज्याचा मजकूर त्यानेच डॉकमध्ये टाकायचा. दुसऱ्याच्या परिच्छेदात बदल डॉकच्या 'सजेस्टिंग' मोडमध्येच करायचा, म्हणजे लिहिणाऱ्याला तो दिसतो आणि नाकारताही येतो. ग्रुपवर 'बघते', 'करतो' चालणार नाही. 'मुद्दा ३ माझा, गुरुवारी रात्री ९ पर्यंत' असं लिहायचं.

गटप्रमुख मुलीने ग्रुपवरच त्याची माफी मागितली. सादरीकरण पुढे ढकललं आणि त्याचा भाग दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ठेवला. त्या वेळी माग बंद असतात.