आर्किमिडीजच्या गावापर्यंत

२८ वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. दरवर्षी ताणकाट्याला दगड टांगायचा, तो भांड्यातल्या पाण्यात सोडायचा आणि काटा वर सरकला की मुलांचे चेहरे बघायचे. आर्किमिडीजच्या गोष्टीत त्याच्या गावाचं नाव यायचं, सिराक्यूज. कुठलंतरी मूल विचारायचं, "बाई, ते गाव अजून आहे?" मी नकाशात बोट ठेवून दाखवायचे, इटलीच्या बुटासमोरचं सिसिली बेट आणि त्याचा पूर्व किनारा. निवृत्त झाल्यावर एकदा तरी तिथे जायचं, हे तेव्हाच मनात धरलं होतं.

यांना समुद्र हवा होता, आणि सिसिलीत समुद्र पावलोपावली आहे. अडचण यांच्या डाव्या गुडघ्याची होती. ऑपरेशन पुढे ढकललेलं. डॉक्टरांनी चालायला हरकत नाही म्हटलं, पण पायऱ्या कमी आणि रोज दुपारी आराम. सहलवाल्यांच्या पत्रकात दहा दिवसांत सात-आठ गावं असतात. ते आम्हाला झेपणारं नव्हतं. म्हणून आम्हीच बसून ठरवलं: पालेर्मो, अग्रिजेंतो आणि सिराक्यूज, तीनच मुक्काम, ११ रात्री.

व्हिसाचं सविस्तर सांगते, कारण आमच्या वयाचे बरेच जण तिथेच कच खातात. आधी आम्ही एका एजंटावर सोडलं होतं. त्याने अर्जासोबतचं साचेबंद पत्र केलं, त्यात हॉटेलच्या तारखा वेगळ्या आणि विमानाच्या वेगळ्या. मुंबईच्या केंद्रात खिडकीतल्या मुलीने नेमकं त्यावरच बोट ठेवलं. तो दिवस वाया गेला. मग नवी वेळ घेतली आणि पत्र मी स्वतः लिहिलं. कुठल्या तारखेला कुठे झोपणार, दुसऱ्या दिवशी कशाने पुढे जाणार, खर्च कोण करणार, परत का येणार, सगळं साध्या वाक्यांत. सोबत यांच्या पेन्शनचा आदेश, सहा महिन्यांचा खातेउतारा प्रत्येक पानावर बँकेच्या शिक्क्यासह, आयकर विवरणपत्रं, आणि प्रत्येकी किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा. फी माणशी ९० युरो, आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. नुसत्या एफडीच्या पावत्यांवर विसंबू नका, खात्यात दरमहा पैसे येतात-जातात हे दिसायला हवं. यांच्या बोटांचे ठसे यंत्र घेईना, तेव्हा ओल्या रुमालाने बोटं पुसल्यावर घेतले. तेराव्या दिवशी पासपोर्ट घरी आले. पाकीट यांनीच उघडलं, मला धीर झाला नाही.

रोमला उतरून एक रात्र काढली आणि पालेर्मोची आगगाडी धरली. विमानाने तासाभरात पोचलो असतो, पण ही गाडी बोटीत बसून समुद्र ओलांडते, आणि तेवढ्यासाठी हे दिवसभर बसायला तयार होते. व्हिला सान जोव्हान्नीला गाडीचे तुकडे केले आणि एकेक तुकडा बोटीच्या पोटातल्या रुळांवर ढकलला. डब्यातून उतरून, कठडा धरत, लोखंडी जिन्याने आम्ही वर डेकवर गेलो. मेस्सीनाची सामुद्रधुनी अगदी अरुंद जागी जेमतेम ३ किलोमीटर आहे. पलीकडची घरं दिसत होती, वारा भन्नाट होता. हे पाटबंधारे खात्यात होते, आयुष्य पाणी अडवण्यात गेलं. कठड्याला टेकून ते इतका वेळ गप्प उभे होते की मीही बोलले नाही.

पालेर्मोत पाय रुळले. तिथल्या बाजारात पानेल्ले मिळतात. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ पाण्यात घोटून शिजवायचं, थापायचं, गार झालं की वड्या पाडून तळायच्या आणि पावात घालून द्यायच्या. पहिल्याच घासाला पाटवडीची चव लागली. आम्ही शाकाहारी असल्याने घरून थालीपिठाची भाजणी नेली होती, ती पिशवी न उघडताच परत आली.

अग्रिजेंतोला प्राचीन ग्रीक मंदिरं आहेत. त्या जागेला 'मंदिरांची दरी' म्हणतात, पण ती खरं तर दरी नाही, लांबलचक कडा आहे. गुडघा दुखणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा: पूर्वेच्या, जुनोच्या मंदिराकडच्या दारानेच आत शिरा. ते टोक उंचावर आहे, तिथून पश्चिमेला सगळा उतार लागतो. आम्ही सकाळी दार उघडायच्या वेळेला गेलो आणि ऊन चढेपर्यंत हळूहळू उतरलो. मध्ये कॉनकॉर्डियाचं मंदिर येतं. इसवी सनापूर्वी ४४० ते ४३०च्या सुमाराचं, ३४ खांब, सगळे उभे. आजूबाजूची मंदिरं कोसळली आणि हे राहिलं, याचं एक मोठं कारण म्हणजे सहाव्या शतकाच्या शेवटी त्याचं चर्च झालं. आतल्या भिंतींना तेव्हा पाडलेल्या कमानी आजही दिसतात. लोकांचा राबता राहिला म्हणून वास्तू राहिली. दगड मधाच्या रंगाचा, जवळून पाहिला तर त्यात शिंपले दिसतात. मी नखाने हळूच चाचपला.

यांचा जीव मात्र झ्यूसच्या मंदिराच्या ढिगाऱ्यात अडकला. तिथे एक खांबही धड नाही. अठराव्या शतकात इथले दगड नेऊन जवळच्या बंदराचा धक्का बांधला. पण पडलेल्या चिऱ्यांच्या बाजूंना इंग्रजी 'यू'सारख्या खोल खाचा आहेत. हे वाकून त्यात हात फिरवत राहिले. "अगं, या दोर अडकवायच्या खाचा. चिरा बसवला की दोर काढून घ्यायचा, दोन चिऱ्यांमध्ये फट राहत नाही." धरणाच्या कामावर पाथरवटांबरोबर उभं राहिलेल्या माणसाला अडीच हजार वर्षांपूर्वीचा मुकादम भेटला होता. मी सावलीत बसून राहिले, त्यांना घाई केली नाही.

पुढचा दिवस रविवार होता आणि तिथे आम्ही चुकलो. बसच्या वेळापत्रकात 'फेरियाले' लिहिलं होतं, मला वाटलं सुट्टीचा दिवस. अर्थ उलटा आहे: फेरियाले म्हणजे कामाचे दिवस, रविवार आणि सणांसाठी 'फेस्तिवो' बघायचं. तीन तास थांब्यावर काढले. समोरच्या कॉफीवाल्या बाईंनी यांचा पाय पाहिला, दुकानातून खुर्ची आणून दिली आणि दुसरी खुर्ची पाय ठेवायला. संध्याकाळी कातानिया शहरातून सिराक्यूजच्या आगगाडीत बसलो तेव्हा अंधारलं होतं.

सिराक्यूजचं जुनं गाव ओर्तिजा नावाच्या छोट्या बेटावर आहे, पुलावरून चालत जायचं. सकाळी तिथल्या कॅथेड्रलपाशी गेलो. समोरून १६९३च्या भूकंपानंतर बांधलेला नक्षीदार दर्शनी भाग. बाजूच्या गल्लीत वळलो आणि भिंतीतून खांब बाहेर आले. जाडजूड, खाचांचे, ग्रीक. अथेनाचं मंदिर होतं हे, पाचव्या शतकातलं, इसवी सनापूर्वी. खांबांमधल्या जागा चिणून भिंत केली आणि त्याचं चर्च झालं, मध्ये अरबांच्या काळात मशीद झाली, पुन्हा चर्च. आत गेलो तर एक आजी एका खांबाशेजारच्या बाकावर जपमाळ ओढत होत्या. कुणीतरी कायम इथे येऊन बसतंच आहे, अडीच हजार वर्षं. मला पंढरपूर आठवलं आणि मी त्या आजींच्या मागच्या बाकावर बसले. बराच वेळ उठवेना.

मुख्य भूमीवरच्या पुरातत्त्व उद्यानात दगडाच्या जुन्या खाणी आहेत. इसवी सनापूर्वी ४१३मध्ये हरलेल्या अथेन्सच्या सैनिकांना सिराक्यूजच्या अशाच खाणींत डांबलं होतं. त्या काळचा ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस सांगतो की ते सात हजारांहून कमी नव्हते. आता तिथे लिंबा-संत्र्यांची झाडं आहेत. हे कातळावरच्या छिन्नीच्या खुणा दाखवत होते, मी झाडांकडे बघत होते, आणि दोघांनाही काही सुचत नव्हतं. शेजारचं ग्रीक नाट्यगृह आम्ही खालूनच पाहिलं, पायऱ्या चढायचा मोह टाळला. ऑक्टोबरात दगडी बैठका उघड्या असतात, उन्हाळ्यात नाटकांसाठी त्यांच्यावर लाकडी फळ्या टाकतात.

आर्किमिडीजची कबर म्हणून जी दाखवतात ती त्याची नाही, रोमन काळातलं दफनस्थान आहे. खरी कबर इसवी सनापूर्वी ७५मध्ये सिसेरो या रोमन वक्त्याने काटेरी झुडपांतून शोधून काढली होती. तिच्यावर कोरलेल्या गोल आणि वृत्तचितीमुळे त्याला ओळख पटली. नंतर ती पुन्हा हरवली. गोलाचं घनफळ त्याला नेमक्या बसणाऱ्या वृत्तचितीच्या दोन-तृतीयांश असतं, हा शोध त्याला इतका प्रिय होता. मी किती वर्गांकडून हे सूत्र घोकून घेतलं असेल! कबर नाही हे माहीत असूनही मी कुंपणाशी हात जोडले.

शेवटच्या दुपारी ओर्तिजाच्या काला रोसा या इवल्याशा किनाऱ्यावर गेलो. पाणी अजून कोमट होतं, गावातल्या बायका गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या राहून गप्पा मारत होत्या. हे काठी माझ्याकडे देऊन, दगडगोट्यांवरून माझा खांदा धरत आत गेले. पाणी छातीपर्यंत आल्यावर त्यांनी खांदा सोडला. दोन पावलं टाकली, मग चार, मग वळून लांबवर गेले.

"अगं, दुखतच नाहीये."

"दुखणार नाही," मी म्हटलं. "पाण्याने तुमचं वजन उचललंय."

ते हसले आणि पुन्हा चालायला लागले. ऊन कलेपर्यंत त्यांच्या येरझाऱ्या चालू होत्या, आणि मी सलवार-कुर्त्यातच कमरेइतक्या पाण्यात, त्यांची काठी हातात धरून, त्यांच्याकडे बघत उभी होते.