आमची वाटचाल: निर्माल्यातून धूप

कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला आणि वस्तीतल्या बचत गटाच्या बायकांनी पेललेला हा उद्योग. पुण्यातल्या देवळांचं निर्माल्य घ्यायचं आणि त्याचे धूप करायचे. लोक आधी सुगंधाचं विचारतात, पण खरं काम निवडण्यात आणि वाळवण्यात आहे.

निर्माल्य त्याच दिवशी उचलावं लागतं. ढीग रात्रभर राहिला की आतून तापतो आणि कुजतो. महादेवाच्या देवळातली दुधा-पाण्यात भिजलेली फुलं तर थेट खताच्या खड्ड्यात. आधी हारांचे दोरे कापायचे, कारण पल्व्हरायझरच्या, म्हणजे दळायच्या यंत्राच्या, आसाला दोरा गुंडाळला की मोटर जळते. मग जरीच्या तारा, टाचण्या, सुपारी वेगळी काढायची. सापडलेली नाणी देवळाला परत. कुंकवाने माखलेली फुलं धुपात नकोत, रंगाचा भरवसा नसतो.

झेंडूच्या फक्त पाकळ्या घेतो. हिरव्या देठात ओल राहते आणि बुरशी तिथूनच सुरू होते. दहा किलो ताज्या फुलांची वाळून जेमतेम एक-सव्वा किलो पूड पडते. थर दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जाड नको, दिवसातून दोनदा उलटायचा. चुरगळल्यावर पाकळी कुरकुरली पाहिजे; नुसती दुमडली तर अजून ओली आहे.

एक किलो मिश्रणाचं आमचं प्रमाण असं: फुलांची पूड ५०० ग्रॅम, शेणीची पूड २००, जिगत (मिश्रण चिकटवणारी झाडाच्या सालीची पूड) २००, गुग्गुळ आणि राळ मिळून १००. पाणी थोडं थोडं घालत घट्ट कणकेसारखं मळायचं. जिगत वाढली तर धूप मध्येच विझतो, कमी पडली तर साच्यातून काढतानाच तुटतो. राळ जास्त झाली की भिंतीवर काजळी. वाळवण सावलीतच, तीन-चार दिवस; उन्हात वरची साल आधी आक्रसते आणि भेगा पडतात. दळताना मास्क हवाच, ती पूड फार बारीक उडते.

मजुरी ठरवणं हे जास्त अवघड गणित. पाकळ्यांचे पैसे स्वच्छ मालाच्या किलोवर देतो. धुपाचे मात्र साच्यातून निघालेल्या ओल्या नगावर, कारण पावसाळी हवेत माल खराब झाला तर तो बायकांचा दोष नाही.

दसऱ्याला झेंडू ढिगाने येतो, दिवाळीत विक्री चढते आणि नेमक्या त्याच सुमारास सेमिस्टरच्या परीक्षा लागतात. म्हणून उत्पादन, साठ्याची वही आणि बँकेतली सही बायकांकडे आहे. विद्यार्थ्यांकडे उरतं ऑर्डर घेणं, देवळांशी बोलणं आणि पाकिटावर निव्वळ वजन, किंमत, पॅकिंगचा महिना छापून घेणं. दर वर्षी शेवटच्या वर्षाची मुलं बाहेर पडतात; नवी मुलं त्यांच्याबरोबर एक गणपती ते दिवाळी हंगाम काढतात आणि मगच हिशेब हाती घेतात.