तिसरी आणली आणि रविवार गेला

पीसीवर विंडोज आणि उबुंटू या दोन ऑपरेटिंग सिस्टम गुण्यागोविंदानं नांदत होत्या, मला कुठनं तिसरी डेबियन टाकायची हुक्की आली काय माहीत. इन्स्टॉल झालं, रिस्टार्ट मारलं तर सिस्टम निवडायच्या मेनूत एकटी डेबियन, बाकी दोघी गायब! सोलापूरचं ऊन, त्यात बायकोचे सगळे कागद विंडोजमध्ये. कडक भाकरी शेंगाचटणी ताटात तशीच, मी मोबाईलवर शोधतोय. डेटा जागेवरच होता बे, तो मेनू दाखवणारा प्रोग्रॅम म्हणजे ग्रब, त्याच्या २.०६ व्हर्जनपासनं म्हणजे २०२१ पासनं ओएस-प्रोबर, म्हणजे बाकीच्या सिस्टम शोधणारं टूल, बायडिफॉल्ट बंदच असतंय, म्हणून दुसऱ्या सिस्टम मेनूत दिसतच नाहीत. ग्रबच्या सेटिंगच्या फाईलीत ते चालू केलं, अपडेट-ग्रब ही कमांड मारली, तिघी हजर. आधी वाचायला पाहिजे होतं, पण वाचतंय कोण. बायको म्हणली, आता चौथी आणू नका 😅