शनिवारचे दोन तास आणि पोळ्याची झडती

2023 च्या खरिपात विदर्भातील सोयाबीन पिवळा मोझॅक या विषाणूजन्य रोगाने होरपळले, आणि त्याच हंगामात आमच्या सहावीतील एका मुलाच्या वडिलांनी जीवन संपवले. तेरवी झाल्यावर मुलगा शाळेत आला, तेव्हा आम्ही चारही शिक्षकांनी त्याला जवळ घेऊन जे सांगितले, ते आज आठवले तरी मला संकोच वाटतो. "आता तूच घरचा कर्ता, आईसमोर रडायचे नाही" हे वाक्य त्यात होते, आणि ते माझे होते. त्याने मान डोलावली आणि पुढचे तीन महिने तो हजेरीच्या वेळी "हजर" या एका शब्दापलीकडे शाळेत काहीही बोलला नाही. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद उच्च प्राथमिक शाळेत सहावी ते आठवीला भाषा शिकवते. पुढील मजकुरात मुलांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घडलेले मात्र तसेच ठेवले आहे.

तालुक्याच्या रुग्णालयात 'मैत्री क्लिनिक' नावाची खोली आहे, हे मला भिंतीवरच्या फलकामुळे माहीत होते. 2014 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात 10 ते 19 वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी हे केंद्र चालते. तेथील समुपदेशक ताईंना मी विचारले की या मुलाला कधी आणू. त्यांनी आधी मुलाची झोप, भूक, मित्र आणि घरची स्थिती यांची बारकाईने चौकशी केली आणि मग सांगितले की दुःख हा आजार नव्हे. तो जेवतो आहे, झोपतो आहे, शाळेत येतो आहे, तर त्याला आधी अशी एखादी जागा द्या, जिथे त्याला कोणी काही विचारणार नाही. चित्र, माती, नाटक आणि खेळ यांचा विषय तेथे निघाला. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये कला आणि आरोग्य यांच्या संबंधावरील 3000 हून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला होता आणि आजार टाळण्यापासून ते उपचाराला हातभार लावण्यापर्यंत कलेचा उपयोग त्यात नोंदवला होता, हे मला त्यांच्याकडूनच कळले. मात्र त्यांनी एक मर्यादाही त्याच दिवशी आखून दिली. कलेद्वारे उपचार करणे हे प्रशिक्षित व्यक्तीचे काम आहे. तुम्ही शिक्षिका आहात, तुम्ही सोबत करायची, निदान करायचे नाही. ही मर्यादा मी पुढे एकदा ओलांडली, त्याविषयी सांगेनच.

राज्यात 2024 मध्ये पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम आल्यामुळे मुलांसोबत चित्र, माती आणि खेळ घ्यायला वेळ कुठून आणायचा हा प्रश्न सुटला, उरला संमतीचा. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानुसार तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि आमच्याकडे ते बैठकीत खरोखर बोलतात. "खेळाले घरी जागा कमी हाय का?" हा पहिला प्रश्न होता. दुसरा शिष्यवृत्ती परीक्षेचा होता. तिसरा कोणी मोठ्याने विचारला नाही, पण मागच्या रांगेतून "डोक्याचं हाय म्हंते" अशी कुजबुज ऐकू आली आणि मी घाबरून अर्जातील 'मानसिक आरोग्य' हे शब्द खोडून तेथे 'व्यक्तिमत्त्व विकास' लिहिले. ते चुकीचे होते असे मला आता वाटते, कारण ज्या शब्दाची भीती घालवायची तोच शब्द मी लपवला होता. ठराव तरला तो एका आजीबाईंमुळे. नातवाच्या वतीने आलेल्या त्या बाई म्हणाल्या, "पोयाले गडी मानसं झडत्या म्हनून मोकये होतात. पोरायनं कुठं मोकयं व्हावं?" पोळ्याला गडी माणसे झडत्या, म्हणजे यमक जुळवून रचलेल्या टोमण्यांच्या ओळी, म्हणून मोकळी होतात, असे त्या सांगत होत्या. या वाक्यात माझ्या वर्षभराच्या कामाची दिशा होती, हे मला त्या वेळी समजले नाही.

पहिल्या महिन्याचा खर्च 640 रुपये आला आणि त्यातील बहुतेक मेणखडू व कार्डशीट यांवर गेला. बाकी सामान शेतानेच दिले: काळी माती, पऱ्हाट्या, तुराट्या (कापसाची आणि तुरीची वाळकी खोडे), वेचणीत राहिलेला कवडी कापूस, जुनी वर्तमानपत्रे. दर शनिवारी दोन तास, सहावी ते आठवीची 23 मुले, वर्गातील बाके भिंतीला लावून गोल बसायचे. नियम मुलांनी आणि मी मिळून ठरवले. कोणत्याही चित्राला गुण नाहीत, बक्षीस नाही आणि "छान" हा शेराही नाही, कारण एकाला छान म्हटले की बाकीची बावीस मुले तसेच काढू लागतात. कोणत्याही खेळाला "मला नको" म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. येथे बोललेले बाहेर सांगायचे नाही; पण कोणाच्या जिवाला धोका आहे किंवा कोणी कोणाला त्रास देत आहे असे कळले, तर मॅडम ते योग्य माणसाला सांगतील, हेही पहिल्याच दिवशी स्पष्ट केले. आरंभ नेहमी खेळाने व्हायचा. लगोरी, आट्यापाट्या, किंवा कबड्डीतील एका श्वासातील उच्चार कोण किती लांबवतो याची स्पर्धा. लांब, सावकाश उच्छ्वासाने शरीर शांत होते, म्हणून हा खेळ निवडला होता. मुलांना मात्र तो केवळ खेळच वाटत होता आणि तसाच तो राहू द्यावा, असे माझे मत झाले.

तिसऱ्या शनिवारी मी चूक केली. त्या मुलाने, ज्याच्यामुळे हे सारे सुरू झाले होते, पूर्ण कागद काळ्या मेणखडूने भरून टाकला, इतका दाबून की कागद चकाकू लागला. कुठेतरी वाचलेले मनात असल्यामुळे मी त्याच्याजवळ बसून हळू आवाजात विचारले की हा अंधार कशाचा आहे आणि तुला बाबांची आठवण येते का. त्याने खडू खाली ठेवला, कागदाची घडी केली आणि तो पुढचे दोन शनिवार आला नाही. मी त्याच्या घरी गेले. त्याची आई ज्वारी पाखडत होती. तिने सांगितले, "मॅडम, तो म्हने वावर काढत होतो, नांगरलेलं. अन् डब्यात काळाच खडू धड होता." काळ्या मातीच्या मुलखात जन्म काढूनही मला काळ्या कागदात वावर दिसले नव्हते, मला माझी भीती दिसली होती. समुपदेशक ताईंना हे सांगितल्यावर त्या रागावल्या नाहीत, त्यांनी एवढेच सुचवले की चित्राचा अर्थ लावण्याऐवजी "याविषयी काही सांगायचे आहे का?" असे विचारावे आणि उत्तर "नाही" आले तर पुढच्या कागदाकडे वळावे. मी त्या मुलाची माफी मागितली, नवा खडूंचा डबा आणला, आणि पुढच्या शनिवारी तो येऊन दाराजवळ बसला.

श्रावणात आम्ही माती हाती घेतली. काळी माती भिजल्यावर फुगते आणि सुकताना आकसते, त्यामुळे पहिल्या शनिवारी केलेले सर्व बैल सोमवारपर्यंत तडकले आणि निम्म्यांचे पाय गळून पडले. गावातील कुंभारकाकांनी मातीत राख आणि कापसाचे पुंजके मळायला सांगितले आणि बैल टिकू लागले. परंतु मला अधिक उपयोगी वाटली ती तडकलेली माती. कागदावरचे चित्र बिघडले की मुले खोडरबर मागतात, लाजतात, कागद लपवतात. मातीचा बैल मोडला तर तो पाण्यात टाकून पुन्हा मळता येतो. सातवीतील एक अत्यंत रागीट मुलगा, जो वर्गात रोज कोणालातरी मारत असे, स्वतःचा बैल दर वेळी पूर्ण झाल्यावर मुठीने चेपून टाकायचा. मी त्याला अडवले नाही. पाचव्या बैलानंतर त्याने चेपणे थांबवले. त्याचे कारण मला ठाऊक नाही आणि काळ्या कागदाचा धडा ताजा असल्यामुळे मी ते विचारलेही नाही.

मग पोळा आला. आमच्याकडे पोळ्याच्या तोरणाखाली बैल उभे राहिले की गावातील माणसे झडत्या म्हणतात. सावकार, व्यापारी, सरकार, पाऊस, शेजारी, कोणाचीही त्यात गय नसते आणि शेवटी सगळा जमाव "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव" अशी आरोळी देतो. वर्षभर जो माणूस सावकारासमोर मान वर करत नाही, तो त्या दिवशी त्याच्यावर चार ओळी रचतो आणि सावकारही हसून ऐकून घेतो, कारण तक्रार माणूस करत नसतो, झडती करत असते. आजीबाईंचे वाक्य मला तेव्हा उमगले. पोळ्यानंतरच्या शनिवारी मी मुलांना मातीच्या बैलांसमोर स्वतःच्या झडत्या रचायला सांगितल्या. पहिल्या दोन मोबाईलवर आणि माझ्या गृहपाठावर होत्या. नंतर आठवीतील एक मुलगा उठला आणि त्याने म्हटले:

"सोयाबीन पिवळं पडलं, बाप बसला धुऱ्यावर,
मॅडम म्हंते पाढे म्हन, माहं ध्यान नाही पाढ्यावर,
एक नमन गौरा पार्वती..."

आणि "हर बोला" ही आरोळी पहिल्यांदा आली ती दाराजवळून. तो मुलगा उभा राहून ओरडला होता. त्याने स्वतःची झडती त्या दिवशी रचली नाही, पुढेही फार उशिरा रचली. पण दुसऱ्याच्या दुःखाला हुंकार देण्यासाठी त्याला आवाज सापडला होता. समोर बसवून "तुझ्या मनात काय आहे ते सांग" असे म्हटले की मूल एकटे पडते. झडतीत चार ओळींनंतर सारा वर्ग ती ओळ उचलतो, आणि बोलणारा एकटा राहत नाही. परदेशी पुस्तकातून आणलेल्या कोणत्याही खेळाने आमच्या वर्गात हे इतक्या सहजपणे साधले नसते, असे मला वाटते.

मुलींनी तक्रार केली की झडत्या गड्यांच्या असतात. त्यांनी झडत्या म्हटल्याच, पण भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत त्यांची भुलाबाई, म्हणजे मुलींनी गाणी म्हणण्याचा सण, असते, तेव्हा त्यांनी स्वतःचा महिना मागून घेतला. सासर-माहेराच्या त्या गाण्यांच्या चालीवर त्यांनी दहावीनंतर लग्न ठरवणाऱ्या मामाला, भावाला आधी वाढल्या जाणाऱ्या भाकरीला आणि रात्री मोरीपर्यंत जाण्याच्या भीतीला जागा दिली. पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, येणारी एक मुलगी, जी मराठीत क्वचितच बोलत असे, तिने त्यांच्या कोलामी भाषेत एक कडवे म्हटले. आम्हाला कोणालाच ते कळले नाही आणि तिने अर्थ सांगितला नाही. खिरापत ओळखण्याच्या खेळात मात्र त्या दिवसापासून तीच पुढे असायची.

हिवाळ्यात, वेचणीमुळे पट निम्म्यावर आलेला असताना, आम्ही 'जीवनवृक्ष' केला. आईवडील गमावलेल्या मुलांसोबत काम करताना आफ्रिकेच्या दक्षिण भागात घडलेली ही पद्धत आहे. मुळांपाशी आपण कुठून आलो, जमिनीवर आपला रोजचा दिवस, खोडावर आपल्याला येणाऱ्या गोष्टी, फांद्यांवर आशा, पानांवर आपली माणसे आणि फळांवर मिळालेल्या देणग्या लिहायच्या. सर्व झाडे भिंतीवर शेजारी लावून त्यांचे रान झाल्यावरच वादळाविषयी बोलायचे. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण उभे राहायला जागा मिळण्याआधी मुलाला वादळाची आठवण करून दिली, तर आपण त्याला पुन्हा त्याच वादळात ढकलतो. आमच्या रानात मोह होते, चिंच होती, बाभूळ होती. त्या मुलाने पळस काढला आणि एका पानावर वडिलांचे नाव लिहिले. गेलेली माणसेही पानांवर असू शकतात, हे मी आधी सांगितले होते.

त्याच रानात आठवीतील एका मुलीच्या झाडाला फांद्या नव्हत्या. केवळ चित्रावरून मी काही ठरवले नसते. परंतु ती महिनाभर डबा परत नेत होती, वर्गात झोपत होती, आणि तिने आपली रंगपेटी व बांगड्या मैत्रिणींना वाटून टाकल्या होत्या. मी तिला ओसरीत घेऊन थेट विचारले की जगू नये असे मनात येते का. असे विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे, हे ताईंनी मला आधीच शिकवले होते. ती "हो" म्हणाली. मी ते गुपित ठेवणार नाही, हेही तिला सांगितले आणि पहिल्या दिवशीच्या नियमाची आठवण दिली. त्याच दुपारी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 क्रमांकावर बोलणे झाले, संध्याकाळी तिच्या आईशी, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचार विभागात होतो. तेथे दीड तास रांगेत उभे राहावे लागले आणि खिडकीवरच्या माणसाने सर्वांसमोर "पागलपनाचा केस का?" असे विचारले, तेव्हा तिची आई परत निघाली होती, तिला थांबवणे हे त्या दिवसाचे सर्वांत अवघड काम होते. डॉक्टरांनी शांतपणे ऐकले. उपचार सुरू झाले, आणि ते चित्रांनी किंवा खेळांनी झाले नाहीत, औषध आणि नियमित समुपदेशन यांनी झाले. शनिवारच्या दोन तासांनी एवढेच केले की तिच्याकडे कोणाचे तरी लक्ष होते.

वर्षअखेरीस वरून एक तक्ता आला: लाभार्थी संख्या, सुधारणा टक्के, छायाचित्रे दोन. संख्या मी भरली, टक्क्यांचा रकाना रिकामा ठेवला आणि मुलांच्या छायाचित्रांऐवजी मोडलेल्या बैलांच्या ढिगाचा फोटो पाठवला. मुलांचे चेहरे किंवा चित्रे त्यांच्या संमतीशिवाय द्यायची नाहीत, असे कळवले. त्यावर एक नाराजीचा फोन आला, पुढे काही झाले नाही.

चित्रांचे काय करायचे हे मुलांनीच ठरवले. काहींनी ती घरी नेली, काहींनी फाडली, मुलींनी आपली कडवी एका वहीत उतरवून ती माझ्याकडे नव्हे तर सातवीतील एका मुलीकडे ठेवायला दिली. बैल सर्वांच्या मते पाण्यात घालून माती पुन्हा टोपल्यात भरली. ती पुढच्या श्रावणापर्यंत टिकते. माझे नाव या वर्षीच्या बदलीच्या यादीत आहे. माझ्या जागी येणाऱ्या शिक्षकांसाठी मी एक वही ठेवली आहे. तिच्यात मुलांची नावे नाहीत. प्रत्येक शनिवारी कोणता खेळ घेतला, काय फसले, ताई कोणत्या दिवशी क्लिनिकमध्ये असतात, एवढेच आहे, आणि पहिल्या पानावर लिहिले आहे की खडूंच्या डब्यात काळा आधी संपतो, दोन जास्तीचे आणावेत.