नाटकच होतं ना ते?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. 'कॅनोसाला राजा हेन्री अनवाणी उभा राहिला, ते नाटकच होतं ना, मॅडम?' मध्ययुगीन युरोप शिकवायला लागल्यापासून दर वर्षी हा प्रश्न येतो. येणारच. सुरुवातीला मीच तसं शिकवत होते.

हिशोब सरळ दिसायचा. फेब्रुवारी १०७६ मध्ये सातव्या ग्रेगरी पोपनं जर्मनीचा राजा चौथ्या हेन्रीला चर्चमधून बहिष्कृत केलं. जर्मन सरदारांनी मुदत घातली: वर्षाच्या आत बहिष्कार उठव, नाहीतर तू आमचा राजा नाहीस. मुदत संपत आली, तसा हा ऐन हिवाळ्यात आल्प्स ओलांडून इटलीत, पोप मुक्कामाला होता त्या कॅनोसाच्या गडावर आला. गादी वाचवायला, आणखी कशाला?

मग ग्रेगरीनं त्याच सरदारांना लिहिलेलं पत्र पुन्हा वाचलं. तीन दिवस राजा गडाच्या दारासमोर, राजचिन्हं उतरवलेली, पाय उघडे, अंगात लोकरीचं वस्त्र, रडून क्षमा मागतोय. हे सगळ्यांना पाठ असतं. पुढच्या ओळींवरून मी तशीच पुढे गेले होते. आतली माणसं डोळ्यांत पाणी आणून रदबदली करू लागली. पोपचं मन इतकं कठोर कसं, याचं त्यांना नवल वाटलं. काहीजण तर म्हणाले, ही धर्मगुरूची करडी शिस्त नव्हे, हा जुलमी माणसाचा क्रूरपणा आहे. आणि हे पोप स्वतःच लिहितोय! गडात कोण होतं? फ्रान्समधल्या क्लूनी मठाचा मठाधिपती ह्यू, हेन्रीचा धर्मपिता. ९१० मध्ये क्लूनी स्थापन झालं तेच मुळी मठावर कुणा राजा-सरदाराचा हात चालू नये म्हणून. त्या मठाचा प्रमुख राजासाठी पोपची मनधरणी करत होता.

दाराबाहेरच्या माणसाचं मन मी इतकी वर्षं चाचपत बसले. दार उघडणं ज्याच्या हातात होतं, त्याच्याकडे पाहिलंच नाही. ग्रेगरी तर निघाला होता जर्मनीला, सरदारांसमोर या राजाचा निवाडा करायला. क्षमा केली की डाव हातचा जाणार. पण क्षमा मागणाऱ्याला दारातून परत लावणारा धर्मगुरू कसला?

म्हणून मी हेन्रीला साधाभोळा म्हणत नाही. १०८० मध्ये पुन्हा बहिष्कार, १०८४ मध्ये हेन्रीनं रोम घेतलं, पुढच्याच वर्षी ग्रेगरी सालेर्नोत, रोमपासून दूर, वारला. जुनी मी लगेच म्हणते: बघ, नाटकच. आणि पत्राचं काय घेऊन बसलीस, तेही सरदारांची समजूत घालायलाच लिहिलेलं. पोपनं स्वतःचा कठोरपणा वाढवून सांगितला असेल.

असेल. तरी ते अश्रू खोटे होते असं वर्गात म्हणायला आता माझी जीभ रेटत नाही. खरे होते, असंही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.